गेटवे नव्हता तेव्हाचा ताज

दरवर्षी १६ एप्रिल जवळ आला की ठाण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फोटो फिरायला लागतो. दगडी कमानींचा लांब पूल, त्यावर वाफेची छोटी गाडी, आणि खाली मजकूर: ‘भारतातली पहिली रेल्वे, बोरीबंदर ते ठाणे’. पूल आपल्या खाडीवरचा आहे, असंही कुणीतरी आवर्जून लिहितं. एका वर्षी मी तो फोटो मोठा करून बघत बसले. १६ एप्रिल १८५३ ला ती गाडी ३४ किलोमीटर धावली आणि ठाण्याला थांबली. चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, सगळा थाट इथपर्यंतच. खाडी ओलांडून कल्याणपर्यंतची लाइन सुरू झाली १ मे १८५४ ला. मग पूल खरंच ठाण्याच्या खाडीवरचा असेल, तर फोटो पहिल्या गाडीचा कसा असेल? आणि गाडी पहिली असेल, तर पूल खाडीवरचा कसा असेल?

एका फोटोला एवढे प्रश्न विचारता येतात हे लक्षात आलं आणि तिथून मला नाद लागला. मी नौपाड्यात राहते, नोकरी बँकेत. रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडायचा आणि मुंबईचा एखादा जुना फोटो घेऊन बसायचं, असं सुरू झालं. ठाणेकरांना मुंबई रोजची असते. नोकरी तिकडे, मोठं हॉस्पिटल तिकडे, मंत्रालयातलं काम तिकडे. पण रोज बघूनही ती कशी घडली हे दिसत नाही, कारण आपण गर्दीतून वाट काढत असतो. फोटोत गर्दी थांबलेली असते, निवांत बघता येतं.

मोबाइलवर येणारे फोटो या कामाचे नाहीत. ते इतक्यांदा पुढे ढकललेले असतात की पाट्यांवरची अक्षरं गेलेली असतात, कडा कापलेल्या असतात. हल्ली तर एआयने बनवलेली ‘१९०० सालची मुंबई’ही येते. रस्ता झकास दिसतो, पण दुकानाची पाटी मोठी करून पाहिली की त्यावरची अक्षरं कोणत्याच लिपीतली नसतात. मूळ ठिकाणी जावंच लागतं. ब्रिटिश लायब्ररीतल्या जुन्या अल्बममधले बरेच फोटो विकिमीडिया कॉमन्सवर आहेत. अमेरिकेतल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आणि गेटी संग्रहालयाने जुने भारतीय फोटो मोठ्या आकारात खुले ठेवले आहेत. लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्ये १८९६ च्या प्लेगचे फोटो आहेत. हे सगळं ठाण्यात बसून, फुकट बघता येतं. मूळ प्रत मोठी केली की खिडकीतला माणूससुद्धा दिसतो.

पहिल्यांदा मी फोटोखालच्या ओळीवर विसंबायचं सोडलं. ती ओळ बऱ्याचदा पुष्कळ नंतर, कुणीतरी तिसऱ्यानेच लिहिलेली असते. मग एक वही केली. प्रत्येक फोटोला एक पान, पानाचे दोन भाग. डावीकडे फोटोत काय आहे, उजवीकडे काय नाही. डावा भाग सांगतो की फोटो अमुक सालाच्या आधीचा नाही. उजवा सांगतो की तमुक सालानंतरचा नाही. खरी मजा मला कायम उजव्या बाजूला आली.

ताज हॉटेलचंच बघा. समुद्रातून काढलेला एक फोटो आहे. ताज दिमाखात उभा आहे आणि समोर गेटवे ऑफ इंडिया नाही, नुसता धक्का. आज ती दोन्ही नावं एका दमात घ्यायची आपल्याला सवय आहे, म्हणून तो फोटो डोळ्यांना पटतच नाही. पण ताज सुरू झाला १६ डिसेंबर १९०३ ला. गेटवेचा आराखडा पक्का व्हायला १९१४ उजाडलं आणि उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला. म्हणजे पाचवे जॉर्ज १९११ मध्ये अपोलो बंदरावर उतरले तेव्हा आजची कमान तिथे नव्हतीच. त्यांच्या स्वागताला तात्पुरता मंडप उभारला होता. एका रिकाम्या धक्क्याने मला वीस वर्षांचा तुकडा बांधून दिला.

बोरीबंदरच्या स्टेशनाचे, म्हणजे आजच्या सीएसएमटीचे, फोटो सर्वांत जास्त आणि वाचायला सर्वांत सोपे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावर १८७८ मध्ये काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच, ती पूर्ण झाली १८९३ मध्ये. स्टेशन पूर्ण आहे आणि चौकात पालिकेचा घुमट नाही, असा फोटो मिळाला की तो पाचेक वर्षांच्या चिमटीत सापडतो. मधल्या मोठ्या घड्याळाच्या खाली एक कोनाडा आहे. जुन्या फोटोंत तिथे व्हिक्टोरिया राणीचा पुतळा दिसतो, आज तो कोनाडा रिकामा आहे. फास्ट लोकलमधून उतरून बाहेर पडणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी मान वर करून तो पाहिलाय?

आणि ट्राम! जुन्या मुंबईच्या रस्त्यावरच्या फोटोत ट्रामइतकी भरवशाची खूण दुसरी नाही. घोड्यांची ट्राम मे १८७४ मध्ये कुलाबा ते पायधुणी सुरू झाली. विजेची आली मे १९०७ मध्ये. रूळ आहेत पण वर तारा नाहीत, घोडे दिसताहेत, तर फोटो या दोन्हींच्या मधला. तारा दिसल्या की १९०७ नंतरचा. रस्त्यावर मोटार-बस असेल तर जुलै १९२६ च्या पुढे या, डबलडेकर बस असेल तर १९३७ च्या. फक्त पोस्टकार्डांच्या बाबतीत सावध राहावं लागतं. त्या काळी मुंबईच्या रंगीत पोस्टकार्डांपैकी बरीच जर्मनीत छापली जात. रंग देणाऱ्याने मुंबई पाहिलेली नसायची. आकाश गुलाबी, पटके हिरवे, सगळं त्याच्या मनाचं. कधी तारांचं जाळं नको म्हणून ते पुसून टाकलेलंही असतं. रंगीत कार्डावरून मी साल ठरवत नाही. त्याऐवजी मागची बाजू बघते, तिकिटावर सातवे एडवर्ड आहेत की पाचवे जॉर्ज, ते.

राजाबाई टॉवरचा एक फोटो माझा फार लाडका आहे. मनोरा अर्धवट आहे. त्याचं काम पूर्ण झालं १८७८ मध्ये, म्हणजे फोटो त्याच्या आधीचा हे उघडच. पण डोळा खिळतो तो पलीकडे. ओव्हल मैदान, त्यापुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे (आजच्या पश्चिम रेल्वेचे) रूळ, आणि रुळांना लागून समुद्र. मरीन ड्राइव्ह नाही, त्यावरच्या गोल सज्ज्यांच्या इमारती नाहीत, क्रिकेटचं स्टेडियम नाही, मंत्रालय नाही. आज ज्या इमारतीत राज्याचा कारभार चालतो, ती जमीनच अजून व्हायची आहे. ठाण्याहून तक्रारी, अर्ज, प्रस्ताव घेऊन माणसं जिथे जातात तिथे त्या फोटोत पाणी आहे. मी त्या फोटोपुढे किती वेळ बसले असेन, सांगता येणार नाही.

घरी बसून अंदाज बांधला की रविवारी सकाळी लवकरची लोकल पकडायची. फोटोग्राफरने कॅमेरा कुठे ठेवला असेल ती जागा शोधून काढायची, हे या कामातलं सर्वांत कष्टाचं आणि माझ्या मते सर्वांत सुंदर. त्याची रीत अशी. फोटोत दोन अशा वस्तू निवडायच्या ज्या आजही उभ्या आहेत, एक जवळची, एक लांबची. उदाहरणार्थ, जवळच्या इमारतीचा कोपरा आणि मागच्या घुमटाचं टोक. फोटोत ती दोन्ही एका रेषेत येत असतील, तर आपणही ती एका रेषेत येईपर्यंत डावी-उजवीकडे सरकायचं. मग तशीच दुसरी जोडी निवडायची. दोन्ही जोड्या जुळल्या की तुम्ही त्या माणसाच्या जागी उभे असता. कधी ती जागा भर रस्त्याच्या मधोमध निघते. कधी कळतं की कॅमेरा पहिल्या मजल्याच्या गच्चीत होता, कारण घोडागाडीचं टप वरून दिसतंय. एका इमारतीच्या रखवालदाराने जिन्यावर पाऊल ठेवू दिलं नाही. दुसऱ्या एकाने मात्र फोटो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, “मॅडम, इथं झाड होतं?” मग तोच मला गच्चीवर घेऊन गेला. झाड फोटोत होतं, आता नाही. बऱ्याच ठिकाणी उलटं आहे, तेव्हाचं रोप आज इतकं पसरलंय की मागची इमारत पावसाळ्यात दिसतच नाही. असे फोटो मी पानगळीवर ठेवते.

सावल्याही बोलतात. सीएसएमटीचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी तिथे उभं राहिलं तर उजेड पाठीमागून येतो आणि सगळी नक्षी काळी पडते. जुन्या फोटोंत ती नक्षी लख्ख दिसते, म्हणजे तो माणूस दुपार कलल्यावर आला होता. घड्याळ बांधून झालेलं असेल तर तेही वाचता येतं. आपण ज्या वेळी तिथे उभे आहोत तीच वेळ शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या काचेवरही उमटली आहे, हे कळतं तेव्हा अंगावर काटा येतो.

काही वस्तू जागेवर नसतात, पण हरवलेल्याही नसतात. जुन्या एस्प्लनेडच्या, म्हणजे कोटाबाहेरच्या मोकळ्या मैदानाच्या, फोटोंत, आजच्या हुतात्मा चौकापासून जवळच, नक्षीदार दगडी छत्रीखाली व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा दिसतो. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला. याच पुतळ्याला १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी डांबर फासून जोड्यांची माळ घातली. शाळेत मी चापेकर बंधूंबद्दल शिकले ते पुण्याच्या रँडच्या प्रकरणातून. मुंबईतला हा प्रसंग मी त्या फोटोचा माग काढताना वाचला. पुतळा आज भायखळ्याला आहे, राणीच्या बागेजवळ भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात. काळ्या घोड्यावरचे सातवे एडवर्डही १९६५ मध्ये तिकडेच गेले. एकदा एस्प्लनेडचा फोटो छापून सोबत नेला आणि त्या पुतळ्यासमोर उभी राहिले. छत्री नाही, मोकळं मैदान नाही, घोडागाड्या नाहीत. चेहरा तोच.

या सगळ्या शोधात ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाचा मोठा आधार झाला. १८९३ पासूनची संस्था, आणि आमच्या घरापासून चालत जाण्यासारखी. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ मी फोटो शेजारी ठेवून वाचलं. ते १८६३ चं आहे. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत कोटाचे तट पाडायला घेतले तो नेमका तोच काळ. त्याच्या काही वर्षं आधीपासून विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन मुंबईत फोटो काढत होते. आज जिथे फ्लोरा फाउंटन आहे तिथे कोटाचा चर्चगेट दरवाजा होता. कारंजं आलं १८६४ मध्ये. दरवाजा गेला, नाव मात्र उचलून स्टेशनाला मिळालं. एकीकडे मराठी माणसाने शब्दांत लिहिलेली मुंबई आणि दुसरीकडे काचेवर उतरलेली, अशा दोन्ही एकाच टेबलावर ठेवून वाचणं हा आनंद मला ठाण्यातच मिळाला.

माझी आत्या कोपरीला राहते. वय ऐंशीच्या पुढे, जन्म लालबागचा. तिला फोटो दाखवायला मी टॅबलेट घेऊन जायचे. ट्रामचे फोटो तिने फार आवडीने पाहिले. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली, तेव्हा ती चोविशीची होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, हे ती अजून हातवारे करून सांगते. सगळं बघून झाल्यावर चष्मा काढून तिने विचारलं, “अगं, पण यात आपलं लालबाग कुठंय?”

मी वही उघडली. टाउन हॉल, स्टेशन, हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, ताज, मलबार हिलवरून दिसणारा उपसागर. लालबाग नव्हतं. परळ होतं ते गव्हर्नरच्या बंगल्यापुरतं. काय नाही ते शोधायची सवय मी स्वतःला लावून घेतली होती, तिचा सर्वांत मोठा प्रश्न आत्याने विचारला.

त्यानंतर मी तेच फोटो पुन्हा काढले आणि यावेळी कडांकडे पाहिलं. सुरुवातीच्या फोटोंत रस्ते ओसाड दिसतात. त्याचं कारण तंत्रात आहे. ओल्या काचेवर फोटो घेताना झाकण काही सेकंद उघडं ठेवावं लागे. इमारत हलत नाही, ती स्वच्छ येते. चालणारा माणूस पुसला जातो. म्हणजे ज्यांना काम होतं, जे थांबू शकत नव्हते, तेच नाहीसे झाले. मोठं करून पाहिलं की जमिनीलगत धुरकट पट्टे दिसतात. ती माणसं आहेत. कुठे फक्त पाय उमटलेत, कुठे डोक्यावरची पाटी. भिंतीला टेकून बसलेला एखादा हमाल तेवढा स्पष्ट येतो.

माणसांचे वेगळे फोटो आहेत, नाही असं नाही. याच जॉन्सन यांनी मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. त्यात माणसांना स्टुडिओत उभं करून मागे शहराचं दृश्य वेगळं जोडलेलं आहे. खाली जात आहे, नाव नाही. प्लेगच्या वेळचे फोटो आणखी कठीण. घर तपासायला निघालेले अधिकारी रांगेत उभे, पंपाने घर धुतलं जातंय, आणि ज्यांचं घर ते कडेला. मला हे फोटो बघवत नाहीत, तरी मी ते बघते. कारण सामान्य मुंबईकराचा चेहरा एवढ्या जवळून दुसरीकडे फार कमी दिसतो. कॅमेरा आपल्या माणसांच्या हाती नव्हता असंही नाही. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी १८५० च्या दशकातच फोटो काढत होते, हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर तोच व्यवसाय केला. पण गिरणीच्या दारात कॅमेरा लावायचं तेव्हा कुणाच्या मनात येणार?

कावसजी दावर यांची पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला चालू झाली. त्यानंतरच्या कुठल्याही दूरदृश्याच्या फोटोत क्षितिजाकडे बघावं. बारीक उभ्या रेघा दिसतात आणि त्यावर राखाडी डाग. काचेवरची खराबी म्हणून सोडून द्यावं इतकं ते पुसट आहे, पण त्या चिमण्या आहेत. मी त्या आत्याला दाखवल्या. तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, “ह्याच्याखाली आपण.” माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे, होते.

तेव्हापासून माझं काम बदललं आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि पुढच्या वर्षांत गिरणगावातली कितीतरी घरं उठून ठाणे, कळवा, डोंबिवलीकडे आली. त्यांच्याबरोबर फोटोही आले. ते कुठल्याही परदेशी संग्रहालयात नाहीत. ते कपाटावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, साडीच्या खोक्यात, लग्नाच्या अल्बमच्या मागच्या खिशात आहेत. गणपती मंडळाचा ग्रुप फोटो, कामगार क्रीडा स्पर्धेतली कबड्डीची टीम, चाळीच्या गॅलरीत पाटावर बसवलेलं बाळ आणि मागे धूसर चिमणी. आत्याच्या सोसायटीतल्या काकांनी पहिला फोटो दिला तेव्हा मी वहीचं नवं पान उघडलं आणि तीच रीत वापरली. मागे चिमणीतून धूर येतोय, रस्त्यावर ट्रामचे रूळ आहेत, भिंतीवर संयुक्त महाराष्ट्राची घोषणा आहे. म्हणजे १९६० च्या आधीची चार-पाच वर्षं. काका म्हणाले, “बरोबर. हा माझा थोरला भाऊ, आणि हा कडेला उभा आहे तो आमचा जॉबर, म्हणजे मुकादम.” तेवढ्यात काकूंनी आतून तिसऱ्याचं नाव सांगितलं.

सध्या मी घरोघरी जाऊन असे फोटो स्कॅन करते आणि मूळ फोटो त्याच दिवशी परत देते. स्कॅन सहाशे डीपीआयला, दोन्ही बाजूंचं, कारण मागे स्टुडिओचा शिक्का असतो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढायचा नाही, पानासकट स्कॅन करायचं. लॅमिनेशन केलेले फोटो पिवळे पडत चाललेत, तेव्हा तुमच्याकडचे तसे करू नका. नावं विचारताना फोन रेकॉर्डिंगवर ठेवते, कारण नावाबरोबर पत्ता येतो, पत्त्याबरोबर चाळ, चाळीबरोबर गिरणी. ती नावं फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, अगदी कडेला, न दाबता लिहायची. पेनची शाई पुढच्या बाजूला उमटते. पुढच्या रविवारी कळव्याला एका घरी जायचं आहे. त्यांच्याकडे गिरणीच्या गेटवर काढलेला मोठा ग्रुप फोटो आहे. मागच्या रांगेतल्या सगळ्यांना ओळखणारे आजोबा ब्याण्णव वर्षांचे आहेत.